रूलेटची गोळी : डीलरच्या हातात किती, गणिताच्या हातात किती?



इयत्ता दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. नाणं, फासा, पत्ते, पेटीतले रंगीत चेंडू अशी उदाहरणं आपण फळ्यावर सोडवतो आणि पुढे जातो. पण मुलांच्या डोक्यातलं खरं उदाहरण पुस्तकात नसतं. ते असं असतं : ‘‘सर, कॅसिनोत तो चाक फिरवणारा माणूस गोळी हवी तिथे पाडतो ना?’’

लोधिवली, चौक, खालापूर, कर्जत या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न येणं नवलाचं नाही. कुणाचा मोठा भाऊ गोव्याला जाऊन आलेला असतो, कुणी मोबाईलवर त्या चाकाचे व्हिडिओ बघतो. मुलाला ‘‘जुगार वाईट, गप्प बस’’ म्हणून बसवलं तर प्रश्न संपत नाही, तो फक्त वर्गाबाहेर जातो. तेव्हा आज हाच प्रश्न पाठ म्हणून घेऊ या. यात संभाव्यता आहे, गतीचे नियम आहेत, आणि शेवटी पालकांनी ऐकावं असंही काहीतरी आहे.

आधी खेळ समजून घेऊ

रूलेटच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ कप्पे असतात. १८ लाल, १८ काळे आणि शून्याचा एक हिरवा. काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे कप्पे ३८ होतात. आकडे क्रमाने नसतात. शून्याच्या एका बाजूला ३२, दुसऱ्या बाजूला २६, असे ते विखुरलेले असतात. डीलर चाक एका दिशेने फिरवतो आणि गोळी कडेच्या पन्हळीतून उलट्या दिशेने सोडतो. गोळीचा वेग कमी झाला की ती उतारावर घसरते, वाटेत धातूच्या छोट्या उंचवट्यांवर आपटते, उड्या मारते आणि एका कप्प्यात बसते.

महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी नाही. १९७६ साली कॅसिनोंसाठी एक कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. शेजारच्या गोव्यात मात्र कायद्यात दुरुस्त्या करून पणजीला मांडवी नदीतल्या जहाजांवर असे खेळ सुरू झाले. आपल्याकडची माणसं खरं चाक आणि खरा डीलर बघतात ते बहुधा तिथेच.

डीलरला काय काय साधावं लागेल?

‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी मुलांनाच विचारा : डीलरला एखादा आकडा पाडायचाच असेल, तर त्याला कोणकोणत्या गोष्टी ताब्यात ठेवाव्या लागतील? चांगली यादी निघते.

१. चाकाचा वेग दर वेळी तोच हवा.
२. गोळीचा वेग दर वेळी तोच हवा.
३. गोळी सोडताना समोर कुठला आकडा आहे हे ठाऊक हवं.
४. गोळी खाली आल्यावर तिच्या उड्या दर वेळी सारख्या हव्यात.

आता थोडं गणित करू. चाक तीन सेकंदात एक फेरी मारतं असं धरू. म्हणजे एका सेकंदात साधारण १२ कप्पे पुढे सरकतात. गोळी ठरल्यापेक्षा फक्त अर्धा सेकंद उशिरा खाली आली, तर आकडा सहा कप्पे चुकला. नेमका एकच कप्पा गाठायचा, तर वेळ सेकंदाच्या बाराव्या भागाइतकी अचूक हवी.

गोळीचं बघा. समजा ती पन्हळीत १५ फेऱ्या मारते आणि हाताच्या फेकीत दोन टक्क्यांचाच फरक पडला. १५ चे दोन टक्के म्हणजे ०.३ फेरी, आणि ३७ कप्प्यांच्या ०.३ म्हणजे ११ कप्पे! हे अगदी ढोबळ गणित आहे, पण मुद्दा कळायला पुरेसं आहे. सुरुवातीची बारीक चूक फेऱ्यांबरोबर वाढत जाते. भोवरा खेळलेल्या मुलाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तीच जाळी, तोच हात, तरी भोवरा दोनदा एकाच ठिकाणी थांबत नाही.

चौथी गोष्ट तर कुणाच्याच हातात नाही. उंचवट्यावर गोळी जरा इकडेतिकडे आपटली की उडी पूर्ण बदलते.

म्हणजे अजिबातच शक्य नाही का? तसंही म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या माणसाच्या हाताला एक लय बसते. चाक जुनं असेल, कप्पे खोल असतील, गोळी कमी उडत असेल, तर चाकाच्या एखाद्या भागाकडे थोडासा कल येऊ शकतो. नेमका आकडा नव्हे, फक्त भाग, आणि तोही थोडासा. जुगारी लोक याला ‘डीलरची सही’ म्हणतात. सही असू शकते, पण ती वाचणं फार अवघड आहे.

किती अवघड? समजा एखाद्या डीलरच्या लयीमुळे चाकाचा एक तृतीयांश भाग ३३ टक्क्यांऐवजी ३८ टक्के वेळा येतो. हा फरक निव्वळ योगायोग नाही अशी रास्त शंका घ्यायलासुद्धा साधारण साडेतीनशे फेऱ्यांची नोंद लागेल. तासाला ४० फेऱ्या धरल्या तर जवळजवळ नऊ तास! तोपर्यंत टेबलावर दुसरा डीलर आलेला असतो. आणि पाच-सहा फेऱ्या बघून ‘‘मला त्याची पद्धत कळली’’ म्हणणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतोच.

ओळखणं वेगळं, पाडणं वेगळं

मुलं इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. गोळी कुठे पडेल हे *ओळखणं* आणि गोळी तिथे *पाडणं*.

ओळखणं काही प्रमाणात जमलेलं आहे. अमेरिकेत एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितज्ञांनी अंगावर लपवता येईल असा छोटा संगणक बनवला आणि १९६१ साली लास वेगासला नेऊन पाहिला. गोळी सुटल्यावर तिचा आणि चाकाचा वेग मोजायचा आणि ती चाकाच्या कुठल्या भागात पडेल याचा अंदाज बांधायचा, अशी त्यांची रीत होती. पुढे नेवाडा राज्याने १९८५ मध्ये अशा यंत्रांवर बंदी घातली. स्पेनमध्ये गोन्झालो गार्सिया-पेलायो यांनी माद्रिदच्या कॅसिनोत हजारो फेऱ्यांचे आकडे टिपून घेतले आणि चाकातल्या बारीक दोषामुळे जास्त येणारे आकडे शोधले.

दोन्ही ठिकाणी डीलरचा हात शोधलेला नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. एकाने वेग मोजला, दुसऱ्याने चाक तपासलं. दोघांनीही मोजमाप केलं, अंदाजपंचे काही केलं नाही.

आपल्याकडे ही समज फार जुनी आहे. नळ राजा द्यूतात राज्य हरला, पुढे ऋतुपर्ण राजाकडून ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांची विद्या शिकला आणि राज्य परत जिंकला, ही महाभारतातली कथा. ऋतुपर्ण ही विद्या दाखवतो ती बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं झटकन मोजून! वेदकाळी जुगाराचे फासेही बेहड्याच्याच बियांचे असत. हे झाड आपल्या डोंगरांत आजही आहे, मुलांना दाखवता येईल. त्या कथेतही विद्या म्हणजे मोजण्याची विद्या, हातचलाखी नव्हे.

मग कॅसिनोत फसवणूक होत नाही का?

फसवणुकीच्या वाटा असतातच. गोळी पडल्यावर गुपचूप पैसे सरकवणं, डीलर आणि खेळाडूचं साटंलोटं, चाकाशी छेडछाड. म्हणूनच टेबलावर कॅमेरे रोखलेले असतात. पण गोळी फेकून ठरावीक माणसाला हरवणं हा त्यातला सगळ्यात अवघड मार्ग. एक कारण तर खेळातच आहे. बऱ्याच ठिकाणी गोळी सुटल्यानंतरही काही क्षण पैसे लावता येतात. लोकांनी कुठे लावलंय हे पुरतं ठरण्याआधीच डीलरच्या हातातून गोळी गेलेली असते. मग तो कुणाविरुद्ध नेम धरणार?

मुख्य मुद्दा आणखी साधा आहे. कॅसिनोला हे करायची गरजच नाही.

सगळं काम शून्य करतं

फळ्यावर हे मांडा. ३७ पैकी प्रत्येक आकड्यावर १०० रुपये लावले. खर्च ३७०० रुपये. एक आकडा येणारच. नियमाप्रमाणे त्यावर ३५ पट, म्हणजे ३५०० रुपये मिळतात आणि लावलेले १०० परत. हातात आले ३६००. गेले १००. गोळी कुठेही पडो, कुणीही फेको, १०० रुपये गेलेच. ३७०० मागे १०० म्हणजे २.७ टक्के. दोन शून्यांच्या चाकावर हेच प्रमाण ५.२६ टक्के होतं.

२.७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. एका माणसाने दर फेरीला १०० रुपये लावून २०० फेऱ्या खेळल्या, तर त्याने एकूण २०,००० रुपये फिरवले. सरासरीने ५४० रुपये गेले. एखादा त्या रात्री जिंकेलही, एखादा हजारो हरेल. पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला रात्रीची घाई नसते. त्याच्याकडे वर्षभराच्या फेऱ्या असतात.

‘‘पण लागोपाठ दहा वेळा लाल आलं, म्हणजे त्याने मुद्दामच पाडलं!’’ असं कुणी म्हणेल. ठरलेल्या दहा फेऱ्या लाल येण्याची शक्यता साधारण १३५० त एक. दिवसरात्र चालणाऱ्या टेबलांवर हे अधूनमधून घडणारच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोला लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. ‘आता तरी लाल येईल’ म्हणून लोक लालवर पैसे लावत गेले आणि बुडाले. गोळीला मागचं काही आठवत नसतं.

वर्गातला प्रयोग

साहित्य : एक सायकल, खडू, चिठ्ठ्या, वही.

सायकल उलटी उभी करा. पुढच्या चाकाचे अ, ब, क असे तीन सारखे भाग करा. जमिनीकडे नव्हे, एका बाजूला काठी रोवून ती खूण धरा. चाक थांबल्यावर काठीसमोर जो भाग असेल, तो निकाल.

आधी चाक जोरात फिरवून काही वेळा आपोआप थांबू द्या. बऱ्याचदा हवा भरायच्या व्हॉल्व्हची जड बाजू खाली येऊन थांबते. हा झाला चाकाचा दोष. हाताला दोष देण्याआधी चाक तपासायचं असतं, हे मुलांना इथेच कळतं.

हा दोष निकालात घुसू नये म्हणून प्रत्येक फेकीआधी चिठ्ठी काढा : अ, ब की क? जे अक्षर येईल ते पाडायचा प्रयत्न करायचा. आता चाक कसंही असो, नुसत्या नशिबाने यश मिळण्याची शक्यता एक तृतीयांशच राहते.

पहिला टप्पा : चाक हलकेच, एकच फेरी होईल इतकं फिरवायचं. ३० प्रयत्न.
दुसरा टप्पा : जोरात, निदान १५ फेऱ्या होतील असं. पुन्हा ३० प्रयत्न.

नशिबाने ३० पैकी साधारण १० वेळा जमेल. पहिल्या टप्प्यात हाताचा सराव उपयोगी पडायला वाव आहे. दुसऱ्या टप्प्यात तो किती उरतो, हे मुलांनी स्वतः मोजावं.

आता खरी गंमत. नुसत्या नशिबाने ३० पैकी १५ किंवा जास्त यश मिळण्याची शक्यता शंभरात साधारण चार. वर्गात ४० मुलं असतील, तर कसलंही कौशल्य नसताना एकदोघांना ते बहुधा मिळेल. सगळा वर्ग टाळ्या वाजवेल, ‘‘याचा हात भारी!’’ तेव्हा टाळ्या थांबवू नका. फक्त म्हणा, ‘‘पुन्हा ३० वेळा करून दाखव.’’ कौशल्य असेल तर ते पुन्हा दिसेल, नशीब असेल तर बहुधा पुन्हा दहाच्या आसपास येईल. माझ्या मते या पाठातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे.

पालकांसाठी थोडंसं

मोबाईलवरच्या बऱ्याच ‘रोलेट’मध्ये ना चाक असतं, ना गोळी, ना डीलरचा हात. असतं ते फक्त चित्र. आकडा कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून येतो आणि तो तपासायला आपल्याकडे ना काठी, ना खडू. खऱ्या चाकावर निदान ३७ कप्पे मोजता येतात. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, पण कुणीतरी पाठवलेली लिंक घरात यायला दार लागत नाही.

‘‘डीलर फसवतो’’ हा समज वरवर शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो माणसाला टेबलापासून दूर नेत नाही, दुसऱ्या टेबलाकडे नेतो. ‘हा डीलर लबाड होता, तो बरा असेल’, ‘हे ॲप खोटं होतं, ते खरं असेल’, ‘आता मला पद्धत कळली, गेलेले पैसे काढतो’. जमीन विकून आलेला पैसा असो की पहिला पगार, तो असाच एकेक फेरीने जातो. म्हणून मुलाला ‘‘तिथे फसवतात’’ एवढंच सांगू नका. ‘‘तिथे कुणीही फसवलं नाही, तरीसुद्धा पैसे जातात’’ हे सांगा, आणि ३७०० चं गणित कागदावर करून दाखवा.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

१. जत्रेत रिंग टाकून वस्तू जिंकायच्या खेळात हाताचं कौशल्य किती, नशीब किती? कसं तपासाल?
२. रूलेटमध्ये शून्याचा कप्पाच नसता आणि पैसे ३५ पटच मिळाले असते, तर कॅसिनोला किती टक्के उरले असते?
३. सलग पाच वेळा छापा आला. सहाव्या वेळी काटा येण्याची शक्यता किती? कारण लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य टक्के आहे. ते मुलांना स्वतः काढू द्या. कॅसिनोची सगळी कमाई त्या एका हिरव्या कप्प्यात आहे हे ज्याने स्वतःच्या हाताने मांडलं, तो डीलरच्या हाताकडे बघत बसणार नाही.