ठिगळ साच्यालाच लावा

तुमच्या शाळेत ४० नवे संगणक आले आहेत असे समजा. प्रत्येकावर ऑपरेटिंग सिस्टीम व लागणाऱ्या आज्ञावल्या एकेक करून बसवायच्या म्हटले, तर कितीतरी दिवस जातील. म्हणून एकच संगणक नीट तयार करतात, त्याच्या डिस्कवरील सर्व मजकूर एका फायलीत उतरवून घेतात आणि ती फाइल बाकीच्या ३९ संगणकांवर ओततात. हिला 'इमेज' म्हणतात. गणपतीच्या मूर्तींचा साचा असतो, तसाच हा साचा.

साच्यात चीर असेल तर ती प्रत्येक मूर्तीत उतरणार. इमेजचेही तसेच. फरक एवढाच, की येथील चिरा साचा बनल्यानंतर कित्येक महिन्यांनी सापडतात.

१६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. अशा दुरुस्तीला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. ११ ऑगस्टला त्याच दोषातून आत शिरणारा 'ब्लास्टर' नावाचा किडा इंटरनेटवर पसरू लागला. त्याला आत घ्यायला कोणी काही उघडावे लागत नसे. संगणक जाळ्याला जोडलेला असला की पुरे. गंमत पाहा. २००१ सालच्या सीडीवरून विंडोज एक्सपी नव्याने बसवली, तर ठिगळ मिळवण्यासाठी संगणक इंटरनेटला जोडायचा, आणि ठिगळ उतरण्याआधीच किडा आत! मग संगणक ६० सेकंदांची सूचना देऊन आपोआप बंद होई व पुन्हा सुरू होई. उतरवणे राही अर्धवट.

यावर उपाय काय? संगणक जाळ्याला जोडण्यापूर्वीच ठिगळ त्याच्या अंगावर हवे. त्यासाठी इमेज चालू न करता, एखादी पेटी उघडावी तशी ती दुसऱ्या संगणकावर उघडतात, जुन्या सदोष फायलींच्या जागी नव्या बसवतात आणि ती बंद करून ठेवतात. विंडोजमध्ये 'डिस्म' नावाचे साधन हे काम करते. ठिगळांचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. काही ठिगळे आधीच्या ठिगळावाचून बसत नाहीत. नवा साचा प्रथम एकाच संगणकावर ओतून पाहावा, आणि जुना साचा तारीख घालून जपून ठेवावा. ही शिस्त पुष्कळांना कंटाळवाणी वाटते, पण नवे ठिगळच बिघाड करते, तेव्हा तोच जुना साचा उपयोगी पडतो.

थोडे गणित करू. ठिगळ ५०० मेगाबाइटचे आणि शाळेची इंटरनेट जोडणी सेकंदाला २० मेगाबिटची आहे असे धरा. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ४० संगणकांसाठी ५०० × ८ × ४० = १,६०,००० मेगाबिट. त्यांना २० ने भागा : ८,००० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वादोन तास. साच्यासाठी ते एकदाच उतरवले तर २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद. बाकीची वाहतूक शाळेतल्या शाळेत, स्वतःच्या तारांवरून होते.

हे काम एकदा करून भागत नाही. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टची ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मार्च २०१७ च्या अशाच मंगळवारी आलेले एक ठिगळ ज्यांनी लावले नाही, त्यांच्यापैकी अनेकांच्या फायली १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना तेव्हा शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ठिगळ येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते.

तुमच्या प्रयोगशाळेतील साचा कोणत्या तारखेचा आहे, हे शिक्षकांना विचारून पाहा.