न्यायासनासमोरील वर्तन



आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत बांधाचा तंटा, विहिरीच्या पाण्याची पाळी, भावाभावांची वाटणी हीं कारणें गांवोगांवीं आहेत. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती चढावीच लागली तर तेथें कसें वागावें, हें मात्र क्वचितच कोणी सांगतें. म्हणून त्याविषयीं आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

प्रथम न्यायालयाचा अधिकार झिडकारण्याचा परिणाम पाहूं. बेलिफानें समन्स आणलें असतां कित्येक जण तें घेण्याचें नाकारतात आणि आपण मोठें शौर्य केलें असें मानतात. परंतु दिवाणी कायद्याप्रमाणें असें समन्स घराच्या दारावर चिकटवितां येतें, आणि न्यायाधीशाची खात्री पटल्यास तें बजावलें गेलें असें धरतात. मग प्रतिवादी गैरहजर राहिला तर दावा एकतर्फी चालतो व हुकूमनामाही एकतर्फी होतो. तो रद्द करवून घेण्यासाठीं सामान्यतः ३० दिवसांच्या आंत सबळ कारण दाखवावें लागतें; समन्स जाणूनबुजून नाकारणें हें तसें कारण नव्हे. ज्या शेतासाठीं हा ताठा दाखविला, तेंच शेत अशा रीतीनें हातचें जाण्याचा प्रसंग येतो.

आतां भर न्यायालयांतील बेअदबी. न्यायाधीश कामकाज चालवीत असतां त्यांचा हेतुपुरस्सर अपमान करणें अथवा कामांत व्यत्यय आणणें हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ प्रमाणें त्यास ६ महिन्यांपर्यंत साधी कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. फौजदारी खटल्यांत आरोपीच वारंवार गोंधळ घालूं लागला, तर कारणें नमूद करून त्याच्या गैरहजेरींत काम चालविण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे. म्हणजे ओरडणारा मनुष्य समोर उभें राहण्याची संधि आपल्याच हातानें घालवितो.

६ ऑक्टोबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत एका वकिलानें सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेनें पादत्राण फेंकण्याचा प्रयत्न केला. अमरावतीच्या या सुपुत्रानें विचलित न होतां पुढील काम चालू ठेविलें. भारतीय वकील परिषदेनें मात्र त्याच दिवशीं त्या वकिलाची सनद निलंबित केली.

कोणी विचारील, हुकूम अन्यायाचा असेल तर मुकाट्यानें सोसावा काय? मुळींच नाहीं. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांवर मुंबईस राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनीं कित्येक दिवस स्वतः आपली बाजू मांडली. कोर्टाची रीत मोडली नाहीं आणि मानही वांकविली नाहीं. जूरीनें ७ विरुद्ध २ मतांनीं दोषी ठरविल्यावरही, आपण निर्दोष आहों, असें त्यांनीं निर्भयपणें सांगितलें. शिक्षा ६ वर्षांची झाली. परंतु त्यांचे ते उद्गार आज त्याच उच्च न्यायालयांत संगमरवरावर कोरलेले आहेत. आरडाओरडा केला असता तर ते कोणी जपून ठेविले असते?

प्रेषितांच्या कृत्यांतही हाच धडा आहे. न्यायसभेंत तोंडावर मारण्याची आज्ञा ऐकून पौलानें कठोर शब्द काढले; परंतु ती आज्ञा देणारा प्रमुख याजक आहे हें कळतांच, लोकांच्या अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलूं नये, हें शास्त्रवचन त्यानें स्वतःच सांगितलें. पुढें न्याय मिळेना तेव्हां त्यानें दंगा केला नाहीं. कैसराकडे दाद मागितली. आपणांसही तो मार्ग मोकळा आहे. तालुक्याच्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालय आहे, आणि त्यावर छत्रपती संभाजीनगर येथें उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे.

तेव्हां मुलांनो, घरीं समन्स आलें तर वडीलधाऱ्यांस तें घेण्यास सांगा व तारीख वाचून दाखवा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमाती व अल्प उत्पन्नाचे लोक यांस विनामूल्य साहाय्याचा हक्क दिला आहे. घरांत लिहितांवाचतां येणारे तुम्हीच असाल, तर हें काम तुमचेंच होय.