भाकरीला वरण कशाला पाहिजे?

मित्रांनो, आपण भाकर खातो आणि मग दिवसभर धावतो. पोटात गेल्यावर तिचे काय होते, ते मी गुरुजींना विचारून लिहिले आहे.

भाकरीत जास्त करून पिष्टमय पदार्थ असतात. पिष्ट म्हणजे साखरेच्या बारीक मण्यांची लांबच लांब माळ. माळ असते तोवर ती गोड लागत नाही. आता कोरड्या भाकरीचा घास 50 वेळा चावून पाहा. हळूहळू गोड लागतो! कारण लाळेतला पाचकरस ती माळ तोडतो. उरलेली माळ लहान आतड्यात तुटते आणि साखर रक्तात जाते. तिथून ती अंगभर फिरते व आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूने सावकाश जळते. जाळ नाही की धूर नाही, पण ऊब निघते. म्हणूनच थंडीतसुद्धा आपले अंग गरम असते.

तेल हेही सरपणच, पण जास्त जोरदार. 1 ग्रॅम पिष्टातून 4 उष्मांक भेटतात, तर 1 ग्रॅम तेलातून 9. जवस कुटून कागदावर घासा, डाग पडतो आणि त्यातून उजेड दिसतो. तेच त्याचे तेल.

पण नुसत्या सरपणाने घर बांधता येत नाही. आपले स्नायू, केस, नखे प्रथिनांची असतात. प्रथिनेही माळाच, पण त्यांचे मणी 20 प्रकारचे. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यातले 9 आपले शरीर तयार करू शकत नाही, ते जेवणातूनच यावे लागतात. ज्वारीत आणि तांदळात लायसिन नावाचा मणी कमी असतो, तो तुरीच्या डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात त्यामानाने बरे असते. म्हणून भाकरीला वरण पाहिजे. आजीला ही नावे माहीत नाहीत, तरी ती वरणाशिवाय ताट वाढत नाही.

आणि पोटभर जेवण नसले तर? मग शरीर आपली प्रथिनेच जाळू लागते. सरपण संपले म्हणून घराचे वासे चुलीत घालावे तसे. अशा मुलाची वाढ खुंटते.

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलांना रोज 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. त्यासाठी 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ धरली आहे. काही मुले खिचडीतली डाळ वेचून ताटलीच्या काठाला ठेवतात (नावे सांगत नाही). त्यांची 4 ग्रॅम प्रथिने तिथेच गेली!

पालकांसाठी एक गोष्ट. तूरडाळीत शंभरात सुमारे 22 भाग प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये सुमारे 40. आपल्या बोरगावजवळ, वर्धेच्या मगनवाडीत गांधीजींनी 1935 साली तिथल्या लोकांच्या जेवणात सोयाबीन देऊन पाहिले होते. आता ते आपल्या वावरात पिकते, पण पोती भरून सगळे बाजारात जाते. ते कच्चे मात्र खाऊ नये. त्यात पाचकरसाला अडवणारा पदार्थ असतो, तो चांगल्या उष्णतेने जातो. माझी आई सोयाबीन भाजून गव्हाच्या दळणात टाकते. पोळीला थोडा वेगळा वास येतो, पण भाजीसोबत कळत नाही.

— इयत्ता 4 थी