गाडी जीर्ण झाली म्हणजे

धम्मपदाच्या जरावग्गात राजाच्या रथाचा उल्लेख आहे. रंगवलेला, शृंगारलेला राजरथसुद्धा काळ गेला की जीर्ण होतो, असे तेथे सांगितले आहे. वाचकहो, राजाच्या रथाची ही गत, तर आपल्या दारात उभ्या असलेल्या मारुती ८०० ची किंवा जुन्या चेतक स्कूटरची गत निराळी कशी असेल? हे कळत सर्वांनाच असते. तरी घराघरांतून काय दिसते? गाडी सहा महिने गॅरेजमध्ये आणि सहा महिने दारात. महिन्याचा पगार हाती आला की त्यातला पहिला वाटा मेकॅनिकचा. मुलीच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर जाते आणि रेडिएटर मात्र आजच बदलला जातो. "गाडी काढून टाका" असे कोणी म्हटले की घरातील वडील माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो.

त्या वडील माणसाला हसण्याचे कारण नाही. आपल्या समाजात वाहन हा केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर ही मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे, असे ठरले. पुढे १९२९ साली, ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यानंतरची गोष्ट. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही, असे ते म्हणाले. तेव्हा वस्तीतील एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर घोडा बुजला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा सर्व वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

ज्यांच्या आज्याला दुसऱ्याच्या गाडीत बसू दिले नाही, त्यांच्या नातवाने स्वतःच्या गाडीचे दार उघडून आईला पुढच्या सीटवर बसवले, तर त्या दाराची कडीसुद्धा त्याला मोलाची वाटणार. कर्जाचे हप्ते फेडून घेतलेली घरातली ती पहिली गाडी. दरवर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला माणसे कोंबून नेलेली. ती भंगारात घालायची म्हणजे काळजाला चरा पडतो, हे खरे आहे. प्रश्न एवढाच की आपण जपतो आहोत ते नेमके काय?

भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला असाच प्रश्न विचारला होता. राजा रथात बसून आला होता. नागसेन विचारतात, दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. हे सर्व भाग एकत्र आले म्हणजे त्याला 'रथ' हे नाव मिळते, एवढेच अखेरीस उरते. आता हाच प्रश्न आपल्या गाडीला लावून पाहा. टायर चार वेळा बदलले. बॅटरी किती झाल्या त्याची गणती नाही. इंजिनचे बोअर एकदा झाले, क्लचप्लेट दोनदा. पुढचा दिवा दुसऱ्याच गाडीचा बसवला आहे. पत्र्यावर पुट्टी आणि पुट्टीवर रंग. बाबांनी शोरूममधून आणलेली गाडी यात किती उरली? जी उरली आहे ती घरच्यांच्या मनात आहे, आणि तिला वंगण लागत नाही.

आता हिशेबाकडे वळू. दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला भगवंतांनी समजीविता शिकवली, म्हणजे प्राप्ती आणि खर्च यांचा तोल ओळखून जगणे. तराजू धरणाऱ्याला पारडे कोणीकडे किती झुकले हे जसे कळते, तसे संसारी माणसाला कळले पाहिजे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत हा तराजू आपण हातातच घेत नाही. मागच्या दिवाळीत पंधरा हजार घातले, आता ती कशी काढणार, असे म्हणतो. परंतु ते पंधरा हजार गेले. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. तराजूत घालायचे ते पुढचे. येत्या वर्षभरात दुरुस्ती, विमा, पीयूसी आणि पासिंग मिळून किती लागतील, आणि ती गाडी आज बाजारात कितीला जाईल? समजा, चाळीस हजारांना जाणाऱ्या गाडीला येत्या वर्षात पस्तीस हजार लागणार आहेत. मग आपण दुरुस्ती करत नाही, तीच गाडी पुन्हा विकत घेतो आहोत. शिवाय वर्षाअखेर तिची किंमत चाळीसही राहणार नाही.

सगळी दुरुस्ती सारखी नसते, हेही समजून घ्या. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लचप्लेट या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या नव्या गाडीलाही लागतात आणि त्यांच्यासाठी कोणी गाडी काढू नये. भीतीचे काम वेगळेच आहे. सायलेन्सरमधून सतत निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्वची सीले गेली असण्याचा संभव आहे आणि खर्च इंजिन खोलण्यापर्यंत जातो. काळा धूर त्यामानाने किरकोळ, कारण पेट्रोल जास्त जात असते आणि ते बहुधा जुळवून घेता येते. पांढरा दाट धूर येऊन रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे पाहावे लागेल. आणि सर्वांत वाईट म्हणजे गंज. कोकणात, मुंबईत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गाडीची तळपट्टी आतून खात जाते. पायाखालची मॅट उचलून पाहा. पत्रा बोटाने दाबला आणि खपली निघाली, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, ती गाडी लेकराबाळांना बसवण्याजोगी राहिलेली नाही. अपघातात माणसाला वाचवतो तो हाच सांगाडा. त्यातून जुन्या गाडीत एअरबॅग नसते. नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली तीच मुळी १ जुलै २०१९ पासून.

सुट्या भागांचाही विचार हवा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. लाखो गाड्या निघाल्यामुळे तिचे सामान अजून मिळते. प्रीमियर पद्मिनीचे तसे नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. त्या वेळी शहराने हळहळ व्यक्त केली, परंतु तिची चाके फिरती ठेवण्यासाठी सामान शोधत हिंडणाऱ्या चालकाला विचारले असते तर त्याने वेगळे सांगितले असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असे पुष्कळ लोक समजतात आणि घाबरून दलालाला मिळेल त्या किमतीत देतात. दिल्लीच्या परिसरातील निर्बंधांच्या बातम्यांवरून हा समज पसरला. महाराष्ट्रात खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडे गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मात्र हे स्वस्त राहिलेले नाही. मोटारकारच्या पुनर्नोंदणीचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. वीस वर्षांवरील कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. तेव्हा पंधरावे वर्ष संपण्याच्या सुमारास हिशेबाला बसणे शहाणपणाचे. पुनर्नोंदणी करून सहा महिन्यांत गाडी काढणे हा दुहेरी तोटा.

विकायचे ठरले, तर घेणाऱ्याला खरे सांगा. बाजारात मीटर मागे फिरवून देणारे आहेत, अपघाताची गाडी रंग मारून देणारे आहेत. जुनी गाडी घेणारा बहुधा आपल्यासारखाच असतो. कोणी रिक्षा सोडून पहिली कार घेणारा, कोणी भाजीचा धंदा करणारा. त्याच्या घरातली ती पहिली गाडी असेल. निळा धूर पहाटे गार इंजिनला दिसतो आणि दुपारी दिसत नाही, म्हणून दुपारी बोलावणे ही लबाडीच आहे. दोष सांगितल्याने पाच हजार कमी येतील, ते येऊ द्या. सम्यक वाचा वंदनेपुरती ठेवून चालत नाही.

आणि कागद! याबाबत आपली माणसे फार भाबडी. पैसे हाती आले, चावी दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि मोकळे झाले. फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नका. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, वेळ भरून त्यांची प्रत ठेवा. गाडी विकल्यापासून राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर टाकली आहे. हा केवळ सोपस्कार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली होती, पण नोंदवहीत नाव पहिल्याचेच होते. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावर आली. गाडी विकून आपण निश्चिंत झोपलेले असतो आणि कोठेतरी कोणाचा तरी जीव आपल्या नावावर जातो. म्हणून नव्या मालकाच्या नावाचे आरसी स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नका.

गाडी वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर आणखी एक पायरी आहे. मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची. दु:खाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही. वर्षे जातात, गाडी तशीच फिरते किंवा तशीच गंजते. मग विकताना भावाभावांत संमतीपत्रावरून बोलाचाली होतात. आईच्या समोर हे बोलणे एकदाच, वेळेवर आणि शांतपणे करून टाकावे.

ज्या गाडीला गिऱ्हाईकच योग्य नाही, म्हणजे जिचा सांगाडा गेला आहे, ती विकूच नये. ती मोडीत काढावी. पण रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊन नव्हे. त्याच्याकडे गेलेल्या गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढू शकतो आणि नोंद तुमच्याच नावावर राहते. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रात गाडी दिली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' म्हणजे ठेव-प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवे खाजगी वाहन घेतल्यास त्याच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची आणि नोंदणी शुल्क माफीची तरतूद आहे. जुन्या गाडीची नोंद रद्द झाल्याची खात्री मात्र आपण स्वतः करून घ्यायची.

मोडीत काढणे म्हणजे अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी विनयपिटकातील एक प्रसंग आठवावा. कोसंबीला उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाला शंका आली, एवढी वस्त्रे घेऊन हा भिक्खू काय दुकान मांडणार? आनंदांनी उत्तर दिले की ज्यांची चीवरे फाटली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरणे करू. जुन्या पांघरणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी त्या फडक्यांचेही तुकडे करून ते चिखलात कालवून जमीन लिंपायची. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. गाडीचेही तसेच. तिचे लोखंड भट्टीत जाऊन पुन्हा लोखंड होते, बॅटरीतील शिसे पुन्हा बॅटरीत जाते, ॲल्युमिनियम वितळते. दारात ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी यातले काहीच होत नाही. तिच्यात उंदीर घर करतात आणि पावसाळ्यात डास.

देण्याच्या आदल्या दिवशी घरच्यांनी मिळून गाडी आतून रिकामी करावी. सीटच्या फटीत जुन्या पावत्या, मुलाचे खेळणे, चैत्यभूमीवर घेतलेला बिल्ला असे काहीबाही निघेल. ते काढून घ्या, आईला शेजारी उभी करून एक फोटो काढा. फास्टॅग बंद करण्यास विसरू नका, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील. विमा कंपनीला लेखी कळवा आणि 'नो क्लेम बोनस' राखून ठेवल्याचे पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. काही वर्षे दावा न केल्याने साठलेली ती सवलत पुढच्या गाडीच्या विम्याला लावता येते. पत्र तीन वर्षे चालते. ते आरसीच्या झेरॉक्सबरोबर आणि फॉर्मांच्या प्रतींबरोबर एकाच फाइलीत ठेवा.