बरे झाल्यानंतरचे दिवस

शास्त्रवाचन : यशया ३८, २ राजे २०:१–७, २ शमुवेल १२:१–६, मार्क ५:४१–४३



हिज्कीया राजाची गोष्ट आपण सर्वांनी शब्बाथशाळेत ऐकली आहे आणि पुष्कळांनी शिकविलीही आहे. राजा मरणाला टेकला. यशयाने त्याला घराची निरवानिरव करावयास सांगितले. राजाने भिंतीकडे तोंड फिरविले, तो फार रडला, आणि देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढविले. एवढे सांगून झाले की आपण फळ्यावर ‘प्रार्थनेचे उत्तर’ असे लिहितो आणि घंटा होते.

मीही कित्येक वर्षे असेच शिकविले. या धड्यात माझ्याकडून दोन गोष्टी राहून जात होत्या. पहिली अंजिरांची. देवाचे अभिवचन मिळाल्यावरही यशयाने अंजिरांचा लेप आणावयास सांगितला व तो गळवावर बांधला. म्हणजे अभिवचन आणि औषध एकाच खोलीत होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राजा बरा झाला, मग त्याने काय केले? यशया ३८:९ पाहा. आजारी पडून बरा झाल्यावर हिज्कीयाने जे लिहिले ते पुढे दिले आहे. त्या लेखात शेवटी स्तुती आहे हे खरे. पण सुरुवातीच्या कितीतरी ओळी तो आजारातल्या रात्रींविषयीच बोलतो. आपले आयुष्य त्याला मेंढपाळाच्या उचललेल्या तंबूसारखे, मागावरून कापून काढलेल्या कापडासारखे वाटले. आपले कण्हणे त्याला पाखरांच्या किलबिलीसारखे आणि पारव्याच्या घुमण्यासारखे ऐकू आले. धोका टळला होता, तरी भीती संपली नव्हती. ती शब्दांत उतरविण्यासाठी त्याने विणकराचे काम आणि खिडकीबाहेरची पाखरे जवळ केली.

हे मला कोणत्याही भाष्यग्रंथाने शिकविले नाही, ते माझ्या थोरल्या बहिणीने शिकविले.

ताई वीस वर्षांहून अधिक काळ शाळेत गणित शिकवीत आली. तिच्या बावन्नाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. येथे भोपाळमध्येच तिचे ऑपरेशन झाले, मग सहा केमो, आणि त्यानंतर इकडे ज्याला सिकाई म्हणतात ती किरणांची चिकित्सा. या सर्व काळात मंडळीने तिला नुसते उचलून धरले. दर बुधवारी घरी प्रार्थना होई. भगिनींनी आठवड्याचे वार वाटून घेऊन डबे पाठविले. उपचार संपले तेव्हा उपकारस्तुतीची उपासना झाली, चहा झाला, सर्वांचे डोळे ओले झाले. पुढच्या आठवड्यापासून डबे बंद झाले, बुधवारही बंद झाला. यात कोणाची चूक आहे असे मी म्हणणार नाही. ती बरी झाली होती ना!

आणि ताईचे उपासनेला येणे बंद झाले.

तीन महिन्यांनी मी समज देण्यासाठी गेलो. हातात पवित्र शास्त्र, मनात दहा कुष्ठरोग्यांचा उतारा. त्यांपैकी आभार मानावयास परत आलेला एकच होता ना? रविवारची सकाळ होती. ताई जेवणाच्या टेबलावर शाळकरी मुलांची रंगपेटी उघडून बसली होती आणि पायाशी पसरलेल्या एका काळ्या कुत्रीचे चित्र काढीत होती. ही कुत्री त्यांच्या गल्लीतलीच. ताईच्या केमोच्या पावसाळ्यात ती जिन्याखाली येऊन राहिली होती, आता घरात आली होती. भावोजींना कुत्री मुळीच आवडत नसत. पण त्या दिवशी तिच्यासाठी दूध आणावयास तेच गेले होते.

मी म्हणालो, “ताई, रविवारी उपासना सोडून चित्रं काढत बसतेस?”

ती रागावली नाही. म्हणाली, “अरे, चर्चच्या दारापासून बाकापर्यंत सगळे विचारतात, आता बरं आहे ना? मी हो म्हणते. पंधरा वेळा हो म्हणून झालं की मला प्रार्थनाच करता येत नाही. ह्या काळीला हो म्हणावं लागत नाही.”

माझा उतारा माझ्याजवळच राहिला.

भोपाळच्या माणसाला खरे म्हणजे हे सांगावे लागू नये. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर ‘वाचला’ म्हणजे ‘आजार संपला’ असे नव्हे, हे या शहराने शिकले आहे. कर्करोगाचेही तसेच आहे. उपचारानंतरचा थकवा महिनोन्‌महिने रेंगाळतो. काही औषधांनी बोटे बधिर होतात. पहिली काही वर्षे दर तीनचार महिन्यांनी तपासणीला जावे लागते. त्या आधीचा आठवडा कसा जातो हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पाठ दुखली तरी मन एकदम वाईटाकडे धावते. शरीरावर सतत कान लावून बसलेल्या अशा माणसाला ‘विश्वास ठेवा’ एवढेच सांगणे म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा पत्ता देऊन निघून येणे होय.

चित्राने आणि कुत्रीने ताईसाठी काय केले, हे मी तिला पुढे पुष्कळदा विचारले. तिचे उत्तर गणिताच्या शिक्षिकेला शोभेल असेच होते. काळीला सकाळी सहाला बाहेर न्यावेच लागते, मग उद्या तपासणी असो वा नसो. तिची काळजी करायची तेवढी केली की स्वतःच्या काळजीतून तेवढी वजा होते. आणि चित्राविषयी ती म्हणाली, “मी आयुष्यात त्रिकोण आणि वर्तुळंच काढली. कान काढायला घेतला तेव्हा अर्धा तास नुसती बघत होते. तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिचा डावा कान फाटका आहे. रोज तिला जेवायला घालत होते, पण पाहिलाच नव्हता. आधी वाटलं, चित्रात तरी सरळ करावा. मग म्हटलं, नाही, आहे तसाच काढायचा.”

तिच्या ऑपरेशनबद्दल ती माझ्याशी तोवर एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

ताईच्या आधी या वाटेने गेलेल्या एका माणसाची हकीकत येथे सांगतो. आंरी मातिस हा फ्रान्सचा जगप्रसिद्ध चित्रकार. १९४१ मध्ये, म्हणजे ज्या साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले त्याच साली, एकाहत्तराव्या वर्षी त्याच्या आतड्याच्या कर्करोगावर ल्यों शहरात शस्त्रक्रिया झाली. तो वाचला, पण पुढचे आयुष्य बहुतेक बिछान्यात आणि चाकांच्या खुर्चीत गेले. चित्रफळ्यापुढे उभे राहवेना, म्हणून त्याने कात्री हाती घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, तो त्यांतून पाने, फुले, पाखरे कापी, आणि ती भिंतीवर लावली जात. त्याच्या घरी मांजरे होती, कबुतरे होती. १९४४ साली कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने त्याचे फोटो घेतले. त्यांत एका हातात पांढरे कबुतर धरून दुसऱ्या हाताने त्याचे चित्र काढणारा म्हातारा दिसतो. शस्त्रक्रियेनंतर त्याची शुश्रूषा करणारी एक तरुण परिचारिका पुढे डोमिनिकन संघात जोगीण झाली. तिच्या सांगण्यावरून त्याने वांस या गावी एका लहान चॅपेलचे काम अंगावर घेतले आणि १९५१ मध्ये ते पूर्ण केले. तो काही नेमाने उपासनेला जाणारा मनुष्य नव्हता. शस्त्रक्रियेनंतर त्याला तेरा वर्षे मिळाली. १९५४ साली तो वारला, तो हृदयविकाराने.

मातिस जन्माचाच चित्रकार होता, आमचे काय, असे कोणी म्हणेल. पण आमच्या भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटकाच्या गुहा आहेत. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांनी त्या जगापुढे आणल्या. तेथल्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हरणे, रेडे, हत्ती रंगविले आहेत. माणसाला भीती वाटली, भूक लागली, आनंद झाला, की त्याने जनावराचे चित्र काढले. शहरातही तेच. १९८२ मध्ये उघडलेल्या भारत भवनासाठी जगदीश स्वामीनाथन यांनी पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या गोंड तरुणाला भोपाळला आणले. तोही पशुपक्षी रंगवी. त्याच भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भूरीबाई या भिल्ल स्त्रीच्या हाती स्वामीनाथनांनीच रंग दिले, आणि २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. या दोघांना कर्करोग नव्हता. मी त्यांची नावे घेतो ती एवढ्यासाठी की चित्र काढण्याकरिता शाळेत जावे लागत नाही. गोंड चित्रांत जनावराचे अंग बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी भरतात. ताईने हे उचलले. थकलेल्या माणसाला ही रीत फार सोयीची. एका संध्याकाळी एक पाय भरावा, हात दुखला की थांबावे, उद्या तेथूनच सुरू करावे.

आता आपल्या लोकांच्या शंका. चित्र काढणे दुसऱ्या आज्ञेत बसते काय, असे एका वडीलधाऱ्या बांधवांनी मला विचारले. आज्ञा पूजेविषयी आहे. त्याच निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, आणि ते कशासाठी? हाताच्या कारागिरीसाठी. दीपवृक्षावर बदामाची फुले, याजकाच्या झग्याच्या घेरावर डाळिंबे, ही सर्व देवाने सांगून करविली.

कुत्र्याविषयी मात्र शास्त्रात चांगले शब्द थोडेच आहेत, हे कबूल केले पाहिजे. पण नाथानाने दावीदाला सांगितलेली गोष्ट वाचा. गरीब माणसाने एक मेंढी विकत घेऊन वाढविली होती. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई, त्याच्या उराशी निजे, त्याला ती मुलीसारखी होती. संदेष्ट्याने या प्रेमाला हसण्यावारी नेले नाही. राजानेही ‘मेंढीच ती, दुसरी घेईल’ असे म्हटले नाही, तो संतापला. नाथानाचा सगळा दृष्टांत या एका मुक्या प्राण्यावरील प्रेमावर उभा आहे. आपल्या ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही घायाळ पक्षिणीवरची कविता आपण शाळेत पाठ केली आहे; पाखराचे दुःख मोजणारा तो कवी प्रभूचाच सेवक होता.

काही व्यावहारिक गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण उत्साहात नुकसान होऊ नये. केमो चालू असता रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात मांजराची घाण किंवा पक्ष्यांचा पिंजरा दुसऱ्याने साफ करावा, जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावे, आणि कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली असावी. काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या हाताने साखळी धरू नये. ओरखडा उठला तर धुवून, लाली वा सूज दिसताच डॉक्टरांना दाखवावा. टर्पेंटाइनच्या वासाने मळमळते, म्हणून पाण्याचे रंग बरे. बोटे बधिर असतील तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड करावी. घरात जनावर ठेवणे शक्य नसेल, तर खिडकीत चिमण्यांसाठी पाणी व कणी ठेवावी. भोपाळच्या मोठ्या तलावावर पंख वाळवीत बसलेले पाणकावळे तर फुकट दिसतात. चित्र काढल्याने चिंता व उदासी काही अंशी कमी होते असे अभ्यासांत दिसून आले आहे. त्याने गाठ विरघळते असे कोणी सांगितले तर ऐकू नये आणि एकही तपासणी चुकवू नये. झोप व उमेद आठवडेच्या आठवडे गेली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. तो विश्वासाचा उणेपणा नव्हे. हिज्कीयाच्या लेपासारखेच ते आहे.

राहता राहिली मंडळी. याईराची मुलगी उठून चालू लागली, लोक थक्क झाले, आणि प्रभूने काय सांगितले? तिला काही खावयास द्या. चमत्कार झाल्यावरची ही आज्ञा आहे. आमच्या येथे आता उपचार संपल्यानंतरही सहा महिने डबा जातो, आठवड्यातून एकच. नेणाऱ्याने ‘आता बरे आहे ना’ असे विचारावयाचे नाही, एवढा नियम ठेवला आहे. तो पाळणे डबा करण्यापेक्षा कठीण जाते. मी स्वतः दोनदा मोडला.

ताई दर रविवारी येतेच असे नाही. येते तेव्हा शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसते. गेल्या नाताळाआधी तिने शब्बाथशाळेच्या मुलांना एक तास घेऊन दिला. काळीला अंगणात झाडाला बांधले आणि मुलांना सांगितले की तिच्याकडे पाच मिनिटे पाहा, मगच पेन्सिल उचला. शिक्षकांनी हा धडा घेताना तसेच करावे. वर्गात कोणाच्या घरी आजारी माणूस असेल त्या मुलाला ते चित्र घरी नेऊ द्यावे आणि त्यावर वचन लिहावयास लावू नये. त्या दिवशी अठरा चित्रांपैकी चारांत कान फाटका होता.