वास्तुविशारदाची नोंदणी

घर बांधणारा गवंडी, आराखडा काढणारा आरेखक आणि वास्तुविशारद हे तिघेही एकाच इमारतीवर काम करीत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान एक नाही. 'वास्तुविशारद' किंवा 'आर्किटेक्ट' ही उपाधी आपल्या देशात कोणालाही आपल्या नावापुढे लावता येत नाही. ती कोणास लावता येते व ती मिळविण्यासाठी काय करावे लागते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

भारतात या विद्येचे आधुनिक शिक्षण मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. त्या काळी तेथे प्रामुख्याने आरेखक तयार होत. पुढे व्यवसाय वाढला, शिक्षणसंस्था वाढल्या; परंतु पात्रतेचा देशव्यापी मापदंड मात्र दीर्घकाळ नव्हता. ही उणीव 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमाने भरून काढली. या अधिनियमान्वये वास्तुकला परिषद स्थापन झाली, आणि वास्तुविशारदांची नोंदवही ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. जे लोक पदवीवाचून आधीपासून हा व्यवसाय करीत होते, त्यांना कायद्याने वाऱ्यावर सोडले नाही. किमान पाच वर्षांचा पूर्वानुभव दाखविणाऱ्यास पहिल्या नोंदवहीत प्रवेश देण्याची तरतूद होती.

आज या मार्गाचे टप्पे साधारणतः असे आहेत. बारावीस भौतिकशास्त्र व गणित घेतलेल्या, अथवा दहावीनंतर गणितासह तीन वर्षांची पदविका पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला अभिक्षमता परीक्षा द्यावी लागते. परिषदेची अशी राष्ट्रीय परीक्षा 2006 पासून घेतली जाते. त्यानंतर पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. त्यात संकल्पन, बांधकामाची सामग्री, संरचना, इतिहास व इमारतीतील सेवा यांचा अभ्यास होतो; शिवाय एखाद्या अनुभवी वास्तुविशारदाच्या हाताखाली प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. पदवी मान्यताप्राप्त असल्यास परिषदेकडे अर्ज करून नोंदणी होते. नोंदणी टिकविण्यासाठी नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते; ते न भरल्यास नाव वगळले जाऊ शकते.

येथे परदेशाशी एक महत्त्वाचा भेद आढळतो. अमेरिकेत परवाना देण्याचा अधिकार राज्यांकडे असून, इलिनॉय राज्याने असा पहिला कायदा 1897 मध्ये केला. तेथे शिक्षणानंतर ठरावीक अनुभव घेऊन वेगळी परवाना परीक्षाही द्यावी लागते. आपल्याकडे अशी दुसरी परीक्षा नाही. त्यामुळे पदवीच्या दर्जाची जबाबदारी महाविद्यालयांवर अधिक पडते. पदवी पोकळ असेल, तर पुढे तिला अडविणारी दुसरी चाळणी नाही.

मग नोंदणी नेमके कशाचे रक्षण करते? नोंदणी नसताना उपाधी वापरणे हा अधिनियमाच्या कलम 37 अन्वये अपराध आहे. तथापि हे कलम उपाधीपुरतेच आहे. नोंदणी नसलेल्यास वास्तुकलेचे काम करण्याची त्यात बंदी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. आराखड्यावर कोणाची सही चालेल, हे पुष्कळ अंशी स्थानिक संस्थांच्या नियमांवर अवलंबून असते.

म्हणून घर बांधू इच्छिणाऱ्याने समोरच्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये. नोंदणीकृत वास्तुविशारदावर 1989 च्या आचारसंहितेचे बंधन असते. आपल्या नेमणुकीच्या अटी व मोबदला त्याने ग्राहकाला सांगितले पाहिजेत. काम मिळविण्यासाठी दलाली देऊ वा घेऊ नये. आणि ग्राहक व कंत्राटदार यांच्यामध्ये निःपक्षपातीपणे वागावे. गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोंदवहीतून त्याचे नाव काढून टाकता येते. नोंदणी ही कौशल्याची हमी नव्हे. पण ज्याला जाब विचारता येतो अशा माणसाच्या हाती आपण आपली पुंजी सोपवीत आहोत, एवढे आश्वासन तिच्यात निश्चितच आहे.