आरोग्य-पाठ : मुरगळलेला पाय



पाय मुरगळणे हे आपल्याकडे दुखणे मानले जात नाही. "दोन दिवसांत बरा होईल" असे म्हणून आपण विषय संपवतो. परंतु इतवारीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमाल किंवा गडचिरोलीच्या जंगलात मोहफुले वेचणारी बहीण, यांचे पोट पायावरच चालते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मग तेंदूपत्ता आणि पावसाळ्यात धानाची रोवणी. ऐन हंगामात पाय गेला तर वर्षाची कमाई जाते. म्हणून या अंकात हा पाठ घेत आहोत.

लिगामेंट म्हणजे काय?

दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा म्हणजे लिगामेंट, मराठीत अस्थिबंध. घोट्याच्या बाहेरच्या बाजूस असे तीन पट्टे असतात. पाऊल आत वळून मुरगळले की बहुधा त्यांपैकी सर्वांत पुढचा प्रथम दुखावतो. पट्टा नुसता ताणला गेला तर एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटला तर साधारण तीन ते सहा आठवडे, आणि पूर्ण तुटला तर काही महिने लागतात. पूर्ण तुटलेला बाहेरचा पट्टाही बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय, आधार आणि व्यायाम यांनी सुधारतो.

पहिले दोन-तीन दिवस

आपली सर्वांत मोठी चूक इथेच होते. गरम तेल चोळणे, शेकणे आणि "हाड बसवण्यासाठी" पाय ओढणे यांनी आतील रक्तस्राव व सूज वाढते. त्याऐवजी चार गोष्टी कराव्यात.

१. काम थांबवावे व पायाला आराम द्यावा.
२. दर दोन-तीन तासांनी १५ ते २० मिनिटे थंडावा द्यावा. बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. बर्फ नसेल तर माठाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात भिजवलेले फडके चालते.
३. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर घोट्याकडे बांधावे. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सैल करावे.
४. झोपताना पाय उशीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा.

एक्स-रे केव्हा?

१९९२ साली कॅनडातील ओटावा शहरातील डॉक्टरांनी यासाठी सोपे नियम मांडले. ते आजही जगभर वापरले जातात. दुखापतीनंतर चार पावले टाकता येत नसतील, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल, अथवा पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाच्या मुळाशी किंवा आतल्या कडेला कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. यांपैकी काहीच नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी असते.

नजरेतून सुटणारी दुखापत

पायावर पोते पडले किंवा बांधावरून घसरताना चवडा अडकून पाऊल दुमडले, तर पावलाच्या मधले अस्थिबंध तुटू शकतात. घोड्यावरून पडताना रिकिबीत पाय अडकलेल्या स्वारांनाही अशी इजा होत असे. फ्रेंच शल्यचिकित्सक जाक लिस्फ्रांक यांच्या नावाने ती ओळखली जाते. पावलाच्या वरच्या भागावर सूज, तळव्यावर काळा-निळा डाग आणि चवड्यावर उभे राहता न येणे ही तिची लक्षणे आहेत. साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसत नाही. शक्य असल्यास दोन्ही पायांवर उभे करून एक्स-रे घ्यावा लागतो. हाडे जागेवर असतील तर साधारण सहा आठवडे प्लास्टर आणि पायावर भार नाही. हाडे सरकली असतील तर स्क्रू किंवा पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया. उपचार राहून गेले तर कायमचे लंगडणे पदरी येते. अशा रुग्णाला गावातच न ठेवता हाडांचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात न्यावे. नागपुरात येणाऱ्यांना इतवारीजवळचे मेयो, म्हणजेच इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय, सोयीचे पडते.

सूज उतरल्यावर

घोटा मुरगळला असेल तर दुखणे सोसवेल तेवढे चालणे लवकर सुरू करावे. बसल्या-बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. पुढे भिंतीला हात टेकून टाचा उचलाव्यात आणि एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळण्याचा सराव रोज करावा. हा सराव टाळणाऱ्याचा पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

आपण मदतीच्या पेटीत औषधांसोबत क्रेप बँडेज घालतो. ते बांधायचे कसे हे शिकवणारा माणूसही सोबत असावा. तसेच रुग्णाने तीन आठवडे आराम करावा असे वाटत असेल, तर तेवढे दिवस त्याच्या घरी धान्य आहे का, हेही विचारावे. चूल थंड असेल तर कोणीही दुखरा पाय घेऊन कामावर जाईल.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या भागात मुरगळलेल्या पायावर प्रथम काय केले जाते? त्यातले काय ठेवावे, काय सोडावे?
२. क्रेप बँडेज नीट बांधणारे आपल्यात किती जण आहेत? एकमेकांच्या पायावर बांधून पाहा.
३. हंगामात जायबंदी झालेल्या कुटुंबाला आपण तीन आठवडे कसा आधार देऊ शकतो?